शेजारच्या शाळेची बारावी

(विजयादशमीनंतरच्या शनिवारी, ४ ऑक्टोबर २०२५ रोजी, मंदिराच्या सभागृहात सरस्वतीपूजनाच्या कार्यक्रमात झालेले हे भाषण. वक्त्या मेलबर्नच्या पश्चिम भागातील सरकारी माध्यमिक शाळांत अनेक वर्षे गणित शिकवून निवृत्त झाल्या आहेत. विद्यार्थ्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. भाविकांच्या आग्रहावरून संपूर्ण भाषण येथे देत आहोत. – विश्वस्त मंडळ)



सकाळी इथे पाटीपूजन झाले. एकाचे आकडे जोडून काढलेली सरस्वती मी किती वर्षांनी पाहिली. काही मुलांनी आयपॅडवरच ती काढली आणि आयपॅडलाच हळदकुंकू वाहिले. आयांचा जीव वरखाली होत होता, पण आजची पाटी तीच आहे, तेव्हा योग्यच झाले. एका मुलाने ताटात आपला कॅल्क्युलेटर ठेवला होता. बारावीचा असणार. या महिन्याच्या अखेरीस व्हीसीईच्या लेखी परीक्षा सुरू होताहेत, म्हणजे देवीची आठवण येणारच.

मला आज बोलायचे आहे ते, ज्या मुलांच्या घरी त्या ताटात ठेवायला काही नाही अशा मुलांबद्दल. ती फार लांब नाहीत. या सभागृहापासून गाडीने वीस मिनिटांवर आहेत.

गेल्या महिन्यात, ६ सप्टेंबरच्या शनिवारी रात्री, कॉबलबँकमध्ये बास्केटबॉल खेळून घरी निघालेल्या दोन मुलांचा रस्त्यात खून झाला. एक १२ वर्षांचा, दुसरा १५ वर्षांचा. प्रकरण न्यायालयात आहे, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्या रात्रीनंतर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय फिरले ते तुम्हीही वाचले आहे, मीही वाचले आहे. कोणता कॅमेरा लावावा, कोणते कुलूप चांगले, मेल्टनकडे घर घ्यावे की नाही. ठीक आहे, माणूस घाबरला की कुलपाचाच विचार करतो. पण त्याबरोबर 'त्यांची मुले' हा शब्दही बराच फिरला. मला विचारायचे आहे, मेलेली मुले कोणाची होती? दक्षिण सुदानमधून आलेल्या कुटुंबांची. म्हणजे 'त्यांचीच'. त्यांच्या वर्गात दुसऱ्या सोमवारी दोन बाके रिकामी राहिली आणि त्याच वर्गांत आपल्या पाटील, कुलकर्णी, शिंद्यांची मुलेही बसलेली असतात.

व्हिक्टोरियात १ सप्टेंबरपासून मॅशेटी बाळगण्यावर बंदी आली आहे. मॅशेटी म्हणजे आपला कोयताच. पोलीस ठाण्यांबाहेर पेट्या ठेवल्या आहेत, नोव्हेंबरअखेरपर्यंत त्यात आणून टाका, कोणी काही विचारणार नाही, अशी सवलत आहे. पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्या वाचून आपण इथे बसून हळहळतो. तिथेही पकडली जाणारी बरीच मुले शाळेच्याच वयाची असतात. तेव्हा हे अमक्या देशाचे, अमक्या रंगाचे दुखणे आहे असे म्हणून सुटका होत नाही. शाळेतून सुटलेल्या मुलाच्या हाताला दुसरे काहीतरी लागते, एवढेच मी इतक्या वर्षांत पाहिले आहे.

मात्र माझा अनुभव सांगू का? मी शिकवत असताना वर्गात कोयता कधी पाहिला नाही. हिंसा रोज पाहिली. ती वेगळ्या वेशात यायची.

एक मुलगा होता, अकरावीत हुशार, बारावीत रोज दुसऱ्या तासाला उगवायचा. आठ-पंचावन्नची घंटा आणि हा पावणेदहाला. मी त्याला तीनदा डिटेन्शन दिले. डिटेन्शन म्हणजे शाळा सुटल्यावर तासभर थांबवणे, तुम्हाला माहीत आहे. चौथ्या वेळी तो म्हणाला, मिस, तुम्ही मला थांबवता म्हणून मला अंधारात स्टेशनवरून जावे लागते. तेव्हा कुठे मी विचारले. तर स्टेशनवर काही मुले त्याला ओळखत होती, त्याच्या मोठ्या भावाशी त्यांचे काहीतरी वैर होते. एकदा त्याचा फोन आणि बूट काढून घेतले होते. तो अनवाणी घरी गेला होता. म्हणून सकाळी तो त्या स्टेशनवर उतरतच नसे, दोन स्टेशने आधी उतरून चालत यायचा. मी शिस्त लावत होते आणि त्याला नेमकी त्याच अंधारात ढकलत होते. मी डिटेन्शन थांबवले, पण तोवर त्याच्या दोन सॅक बुडाल्या होत्या. सप्टेंबरच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. पुढे त्याचे काय झाले मला माहीत नाही. निवृत्तीला इतकी वर्षे झाली, पण त्याचे बूट माझ्या डोक्यातून जात नाहीत.

बहुतेक मुले अशीच जातात. एखादी मोठी मारामारी झाली, रक्त सांडले आणि मुलाने शाळा सोडली, असे सिनेमात होते. प्रत्यक्षात तो आधी उशिरा येतो, मग सोमवारी येत नाही, मग सॅक बुडते, मग शाळेचे पत्र जाते आणि घरी ते वाचणारे कोणी नसते. ऑस्ट्रेलियात माध्यमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी साधारण ८० बारावीपर्यंत पोहोचतात. सरकारी शाळांत त्याहूनही कमी. इथे कायद्याने १७ वर्षांपर्यंत शिकावे लागते, पण कायदा मुलाला बाकावर बसवू शकतो, त्याच्या पोटात भाकरी आणि डोक्यात झोप घालू शकत नाही.

दुसरी एक मुलगी. मॅथेमॅटिकल मेथड्सला होती, म्हणजे गणितातला वरचा विषय. मे महिन्यात अचानक तिच्याकडे कॅल्क्युलेटर दिसेनासा झाला. फोनवर गणिते करायची. मी रागावले, फोन वर्गात चालत नाही. दोन दिवसांनी ती तासानंतर थांबली. आई, ती आणि दोन धाकटे भाऊ एका रात्री घर सोडून निघाले होते. वडिलांच्या मारामुळे. अंगावरच्या कपड्यांनिशी. राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मोटेलमध्ये खोली मिळाली होती. अडचणीतल्या बायकांना इथे आधी अशीच मोटेलमध्ये जागा देतात. एका खोलीत चौघे. ही दोन गाड्या बदलून दीड तास प्रवास करून शाळेला येत होती, कारण बारावीच्या मध्यात शाळा बदलली तर सगळेच गेले. लॅपटॉप, पुस्तके, कॅल्क्युलेटर त्या घरात. आणायला परत जायची सोय नव्हती. अभ्यास कुठे करतेस विचारले तर म्हणाली, बाथरूममध्ये. भाऊ झोपले की दार लावून, टबात बसून.

हिंसा म्हटली की आपल्याला कोयता दिसतो. माझ्या वर्गात आलेली हिंसा बहुतेक वेळा घराच्या आतून आली होती. ती सर्व समाजांतून आली. आपल्यातूनही आली. मी नावे घेणार नाही, तुम्ही अंदाजही करू नका.

आपल्यातले म्हणाले म्हणून एक सांगतेच. एका मराठी कुटुंबातला मुलगा माझ्याकडे होता. वडिलांची नोकरी गेली. व्हिसा तात्पुरता, म्हणजे सेंटरलिंकचा आधार नाही. आई रात्रपाळीला गोदामात जाऊ लागली. मुलगा शाळा सुटली की पिझ्झाच्या दुकानात, रात्री अकरापर्यंत. हे कुटुंब आधी दर गणेशोत्सवात मंदिरात राबायचे. त्या वर्षी ते दिसले नाहीत, पुढच्या वर्षीही नाही. मी त्या काकूंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ताई, प्रसादाचे प्रायोजक व्हायची ऐपत नाही आणि नुसते जेवायला यायची लाज वाटते. ज्यांनी यायला हवे होते तेच यायचे थांबले. हे माझ्यासह सर्वांनी ऐकून ठेवावे.

आता थोडी सिडनीची गोष्ट सांगते. तिथल्या नैऋत्येला पंचबोल नावाचे उपनगर आहे. तिथली मुलांची सरकारी शाळा नव्वदच्या दशकात आणि नंतरही हाणामाऱ्यांसाठी बदनाम झाली होती. उंच कुंपण, वर काटेरी तार, कॅमेरे. आईबाप जमेल तिथे मुलांना हलवत होते, पट घटत चालला होता. २००७ साली जिहाद डिब नावाचे ३३ वर्षांचे शिक्षक तिथे मुख्याध्यापक झाले. लेबनॉनमधून लहानपणी आलेले, इंग्रजी शिकवणारे. मुलांना शाळा तुरुंगासारखी दिसत असेल तर ती कैद्यांसारखीच वागणार, हे ओळखून त्यांनी ती काटेरी तार काढायला लावली. सकाळी दारात उभे राहून मुलांना नावाने हाक मारायची, घरी जाऊन पालकांशी बोलायचे, असा त्यांचा खाक्या. आठ वर्षे ते तिथे टिकले. बारावी करणारी आणि पुढे विद्यापीठाची वाट धरणारी मुले वाढली. २०१५ मध्ये ते निवडणूक लढवून आमदार झाले, आज न्यू साउथ वेल्समध्ये मंत्री आहेत.

इथवर गोष्ट सांगून टाळ्या घेता येतात. पण ते गेल्यावर दोनच वर्षांत त्याच शाळेत पुन्हा वाद उसळले आणि २०१७ मध्ये शिक्षण खात्याला मुख्याध्यापक बदलावे लागले. म्हणजे शाळा एकदा सावरली की सावरली असे नसते. तुळशीला रोज पाणी घालावे लागते तसे आहे. आणि एका माणसाच्या खांद्यावर शाळा उभी असेल तर तो माणूस गेला की ती पुन्हा डगमगते. ज्या शाळांना आधार देणारे पालक, शेजारी, दुकानदार, देवळे-चर्चे-मशिदी आसपास असतात त्या टिकतात.

आणि इथे आपला संबंध येतो. गोड बोलून उपयोग नाही, मी शिक्षिका आहे. आपण काय करतो? बाल्विनचा झोन, ग्लेन वेव्हर्लीचा झोन, मॅकिननचा झोन. घर घेताना आधी शाळेचा नकाशा आणि मग किचन. ते परवडले नाही तर सिलेक्टिव्हची परीक्षा, त्यासाठी चौथीपासून क्लास, शनिवार-रविवार दोन्ही दिवस. मीही माझ्या मुलीला त्या परीक्षेला बसवले होते. नंबर लागला नाही. ती जवळच्या साध्या शाळेत शिकली, चांगली शिकली, आणि त्या वेळी मी जे रडले ते आठवून आता हसते. कोणत्याही आईबापांना मी दोष देणार नाही, आपल्या लेकराचे भले कोण पाहणार नाही? पण हिशेब तर मांडू. ज्या पालकांना वेळ आहे, इंग्रजी बोलता येते, मुख्याध्यापकांना जाब विचारता येतो, ते सगळे निघून गेले की मागे उरलेल्या शाळेच्या पालकसभेला चार माणसे येतात. चौघांतले दोघे दुभाष्याशिवाय बोलू शकत नाहीत. त्या शाळेत जुनी पुस्तके दुसऱ्याला देणारे कोणी उरत नाही, खेळाच्या संघाला गाडीतून नेणारे कोणी उरत नाही. मग आपण म्हणतो, बघा, शाळा बिघडली.

पैशांचेही आहेच. डेव्हिड गोन्स्की यांच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला की ज्या शाळेत गरीब मुले जास्त तिला निधी जास्त हवा. त्याला १४ वर्षे झाली. व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांना तो ठरलेला निधी अजून पूर्ण मिळालेला नाही. राज्य केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र राज्याकडे. आपल्याकडच्या अनुदानाची आठवण होते ना?

सनशाइनचे नाव कशावरून पडले ठाऊक आहे? इथल्या उन्हावरून नाही. उन्हाच्या बाबतीत मेलबर्नने फार दावे करू नयेत. तिथे मॅके यांचा सनशाइन नावाचे कापणी यंत्र बनवणारा मोठा कारखाना होता, त्यावरून १९०७ मध्ये गावाचे नाव बदलले. त्याच वर्षी त्याच कारखान्याच्या खटल्यात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी निकाल दिला की मजुराला निदान इतके वेतन मिळाले पाहिजे की त्यात तो, बायको आणि तीन मुले काटकसरीने पण सन्मानाने राहू शकतील. दिवसाला ७ शिलिंग. या देशातल्या किमान वेतनाचा विचार तिथून पुढे गेला. पुढे कारखाने बंद पडत गेले. नव्वदच्या दशकात राज्यभर तीनशेहून अधिक सरकारी शाळाही बंद झाल्या. ज्या गावातून सन्मानाने जगण्याचा हिशेब देशाला मिळाला, त्याच गावात मी असे घर पाहिले आहे जिथे तीन भावंडांत एक लॅपटॉप होता आणि तो कोणी कधी वापरायचा याचे वेळापत्रक फ्रीजवर लावले होते. बारावीच्या मुलाला रात्री दहा ते बारा.

माझे वडील साताऱ्याला कर्मवीर अण्णांच्या बोर्डिंगात शिकले. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात ते वसतिगृह, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही त्या मुलांच्या जेवणासाठी विकले, तेही आपण ऐकलेले असते. वडील मात्र या थोर गोष्टी फारशा सांगत नसत. ते सांगायचे पाणी वाहून खांद्याला पडलेल्या घट्ट्यांबद्दल, आणि भाकरी मोजून मिळायच्या त्याबद्दल. आणि एक गोष्ट नेहमी सांगायचे: परीक्षा जवळ आली की काम कमी व्हायचे. ठरवून. 'कमवा आणि शिका' यातले 'आणि' सांभाळणारा माणूस तिथे होता. माझ्या पिझ्झावाल्या मुलाच्या फोनवर शिफ्ट यायची ती एका ॲपवरून. त्या ॲपला उद्या सॅक आहे हे कोण सांगणार? एकदा नाही म्हटले की पुढच्या आठवड्यात शिफ्टच येत नाही. तिथे 'कमवा किंवा शिका' असे होऊन बसते.

त्याच्याही आधीच्या पिढ्यांत वार लावून जेवणारी मुले होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यात जातीची बंधने होती, अपमानही असायचा, मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण त्यात एक शहाणपण होते. एका घरावर सगळा भार नाही, आणि मुलगा आला नाही तर त्या वाराच्या घरी कोणाच्या तरी लक्षात यायचे. आज का नाही आला? ताप आहे का? हा प्रश्न विचारणारे कोणीतरी सात घरांत होते.

इथेही अशी माणसे आहेत, आपणच पहिले नव्हे. १९३० च्या मंदीत अनवाणी शाळेत येणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांनीच स्टेट स्कूल्स रिलीफ नावाची संस्था सुरू केली, ती आजही व्हिक्टोरियात गणवेश आणि बूट पुरवते. फुट्सक्रेचे लेस ट्वेंटिमन आयुष्यभर रस्त्यावरच्या पोरांमागे फिरले, गरिबांच्या मुलांना शाळेची पुस्तके मिळावीत म्हणून पैसे गोळा करत राहिले. फुटीच्या संघात विसावा खेळाडू म्हणजे बाकावर बसलेला राखीव, त्यावरून त्यांनी आपल्या निधीला 'ट्वेंटिएथ मॅन' नाव दिले होते. मार्च २०२४ मध्ये ते वारले. टेरी ब्रॅक्स, आधी शिक्षिका, त्यांनी २००४ मध्ये वेस्टर्न चान्सेस सुरू केले. ही संस्था पश्चिम भागातल्या मुलांना छोट्या छोट्या शिष्यवृत्त्या देते. लॅपटॉप, प्रवास, पुस्तके, शिकवणी. मला त्यातले 'छोट्या' फार आवडते. मुलाचे सगळे आयुष्य बदलून टाकण्याचा आव नाही. अडलेले एक चाक सोडवायचे.

गेल्या वर्षी एका काकांनी मला विचारले, अहो, सरकार देते ना सगळे? आपण कशाला? प्रश्न बरोबर आहे. सरकार देते. सरकारी शाळांत मोफत न्याहारी आहे, हेल्थ केअर कार्ड असेल तर सहलींसाठी मदत आहे, गेल्या वर्षअखेरीस प्रत्येक सरकारी शाळेतल्या मुलामागे ४०० डॉलरचा बोनसही मिळाला. गणवेश आणि पुस्तके घेतली की ते संपतात. कार्ड नसलेल्याला, व्हिसा तात्पुरता असलेल्याला, काल रात्री घर सोडलेल्याला त्यातले बरेच काही मिळत नाही, किंवा अर्ज मंजूर होईपर्यंत परीक्षा होऊन जाते. सरकारचे हात मोठे आहेत पण बोटे जाड आहेत. बारीक फटीत जात नाहीत.

आता त्या मुलीचा कॅल्क्युलेटर. मेथड्सच्या पहिल्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही आणि दुसऱ्या पेपरला त्याच्याशिवाय भागत नाही. साधा चालत नाही, कॅस लागतो, समीकरणे सोडवणारा, आलेख काढणारा. नवा घेतला तर २०० डॉलरच्या वर जातो. मी शिक्षकांच्या खोलीत विचारले. एका सहकाऱ्याच्या मुलाची बारावी दोन वर्षांपूर्वी झाली होती. त्याचा कपाटात पडून होता. दुसऱ्या दिवशी तिच्या हातात. संध्याकाळी सहापर्यंत ग्रंथालय उघडे ठेवायला ग्रंथपालबाई तयार झाल्या, म्हणजे बाथरूमचा टब सुटला. बस, एवढेच आम्ही केले. तिला फार गुण पडले नाहीत. विषय सुटला, बारावी झाली, पुढे नर्सिंग केले. परवा परवा ट्रेनमध्ये भेटली, रात्रपाळी करून घरी चालली होती. मिस, तो कॅल्क्युलेटर मी पुढे एका मुलीला दिला, म्हणाली.

आपल्या समाजात दर वर्षी किती मुले बारावी होतात? त्यातली बहुतेक मेथड्स घेतात, काही स्पेशलिस्टही. निकाल लागला की पेढे, फेसबुकवर फोटो, आणि कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये, चार्जरच्या गुंत्यात. तो तिथे पडून पडून जुना होतो. आज घरी गेल्यावर तो ड्रॉवर उघडा. माझ्या घरातच दोन निघाले.

विश्वस्तांशी बोलणे झाले आहे. परीक्षा संपेपर्यंत मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी चार ते रात्री आठ वरची खोली अभ्यासासाठी उघडी राहील. वायफाय आहे, हीटर आहे, दिवे चांगले आहेत. कोणत्याही शाळेच्या, कोणत्याही धर्माच्या मुलाने यावे. त्याला कोणी चपला काढण्यापलीकडे काही सांगणार नाही, नमस्कार कर असे तर मुळीच नाही. आजी मंडळींनी पोह्यांची जबाबदारी घेतली आहे, तिखट बेताचे ठेवा एवढी माझी विनंती. खोलीत बसायला मोठी माणसे हवीत. गणित यायला पाहिजे असे नाही. नुसते बसायचे, आणि एखादा मुलगा गेल्या गुरुवारी आला होता, आज आला नाही, हे लक्षात ठेवायचे. त्याच्या शाळेतल्या शिक्षकांना फोन मी करीन. मात्र त्यासाठी वर्किंग विथ चिल्ड्रन चेक लागतो. स्वयंसेवकांना तो फुकट मिळतो. आज बाहेर टेबलावर दोन तरुण मुली लॅपटॉप घेऊन बसल्या आहेत, त्या अर्ज भरून देतील. इथे दीर्घ मुक्कामाला आलेल्या आजी-आजोबांनीही त्यांना विचारावे.

आणि ज्या घरांत यंदा अडचण आहे त्यांच्यासाठी एक वाक्य. विद्यार्थी निधीसाठी अर्ज लिहावा लागत नाही, समितीपुढे उभे राहावे लागत नाही. मला किंवा पुजारीकाकांना एकट्यात सांगा. तिसऱ्या माणसाला कळणार नाही. आणि जेवायला या. प्रायोजक कोण आहे ते बघू नका.

कॅल्क्युलेटर, चालू स्थितीतले लॅपटॉप आणि गेल्या दोन वर्षांतली पाठ्यपुस्तके यांच्यासाठी चपलांच्या कपाटाशेजारी निळा खोका ठेवला आहे. येत्या रविवारपर्यंत आणलीत तर परीक्षेआधी मुलांच्या हाताला त्याची सवय होईल. लॅपटॉपवरचे आपले फोटो आणि बँकेचे कागद पुसून द्या. कॅल्क्युलेटरवर मुलाचे नाव कोरलेले असेल तर असू द्या. आणि कृपा करून चार्जिंगची केबल विसरू नका, गेल्या वेळी नऊ आले आणि केबल चारच.

(विद्यार्थी निधीसाठी देणगी मंदिराच्या कार्यालयात स्वीकारली जाईल. पावतीवर 'विद्यार्थी निधी' असे लिहून घ्यावे. देणगीदाराची इच्छा नसल्यास नाव प्रसिद्ध केले जाणार नाही. मंगळवार आणि गुरुवारच्या पोह्यांसाठी नावे देणाऱ्यांनी स्वयंपाकघरातील वहीत नोंद करावी.)